क्लॅरिफायर दुपारीच का उसळतो?

क्लॅरिफायर, म्हणजे गाळ तळाशी बसवून वरचं स्वच्छ पाणी सोडणारी टाकी, दुपारीच का उसळतो, असं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल डाइंग युनिटच्या ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) ऑपरेटरनी विचारलंय. त्यांची माहिती थोडक्यात अशी. सांडपाणी आत सोडणारा फीड पंप सकाळी ८ ते रात्री ८, ताशी ५० घनमीटर, म्हणजे दिवसाला ६०० घनमीटर. एरेशन टँक, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करायची टाकी, ६०० घनमीटरचा. क्लॅरिफायर ८ मीटर व्यासाचा आणि ३ मीटर खोल. क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ परत एरेशनमध्ये नेणारा रिटर्न स्लज पंप ताशी ३० घनमीटरचा, टायमरवर दर तासाला १५ मिनिटं. एमएलएसएस (एरेशनच्या पाण्यातला गाळ, मिग्रॅ/लिटर) सकाळी ३८०० येतो आणि त्याच दिवशी दुपारी ४ वाजता २४००. एसव्ही३० (एक लिटर पाण्यात ३० मिनिटांनी खाली बसलेला गाळ, मिलिलिटरमध्ये) येतो ८५०. दुपारी तीननंतर वेअरवरून (पाणी बाहेर पडायच्या काठावरून) गाळ जायला लागतो आणि सकाळी येऊन बघावं तर पाणी निवळशंख. केमिकल सप्लायर म्हणतो पॉली (गाळाचे कण एकत्र बांधणारं पॉलिमर) सुरू करा आणि महिन्याला कल्चरच्या (जिवाणूंच्या) पिशव्या घ्या. मालक विचारतायत की क्लॅरिफायर लहान पडतोय का, दुसरा बांधायचा का.

दुसरा क्लॅरिफायर बांधू नका. पॉलीही सध्या नको. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे, ते एकदा नीट मांडून बघू.

आधी एसव्ही३०. ८५० ला ३८०० नी भागून हजारनी गुणलं की एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, २२४ येतो. १५० च्या वर गेला की लोक लगेच "बल्किंग झालं" (तंतू वाढून गाळ फुगला) म्हणतात आणि तंतू मारायला हायपो (क्लोरीनचं द्रावण) नाहीतर ब्लीचिंग पावडर शोधायला लागतात. पण एक लिटरच्या अरुंद सिलिंडरमध्ये ३८०० चा गाळ इतका दाटीवाटीनं असतो की तो चांगला असला तरी ३० मिनिटांत खाली सरकू शकत नाही. म्हणून मी तुम्हाला पातळ करून चाचणी घ्यायला सांगितली होती: अर्धा लिटर एरेशन टँकचं पाणी आणि अर्धा लिटर क्लॅरिफायरचं सकाळचं स्वच्छ पाणी. त्यात ३० मिनिटांनी तुम्हाला २४० आले. दुप्पट केले की ४८०, आणि ४८० वरून एसव्हीआय १२६. हा काही आजारी गाळ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थोडे तंतू दिसतील, ते दिसू देत, थोडे तंतू गाळाच्या कणांना धरून ठेवायला लागतातच. पातळ केल्यावर आकडा २५० च्या खाली आला पाहिजे. नाही आला तर आणखी पातळ करा, एक भाग गाळ आणि तीन भाग पाणी, आणि मग चारनी गुणा.

ही चाचणी सावलीत करा. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. टँकच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेला सिलिंडर एका बाजूनं तापतो, आतलं पाणी फिरायला लागतं आणि गाळ उगाच तरंगतो. सॅम्पल काढल्यावर लगेच चाचणी लावा, लॅबपर्यंत चहा घेत घेत जाऊ नका. आणि ३० मिनिटांनी सिलिंडर ओतून टाकायचा नाही, तो दोन तास तसाच ठेवायचा. त्यामागचं कारण पुढे येईल.

आता गाळ बरा आहे, मग जातो कुठे? इथे रिटर्नचा हिशेब लागतो आणि बहुतेक ईटीपीत तो कुणी केलेला नसतो. टायमर लावणाऱ्या फिटरनी १५ मिनिटं ठेवली, ती तशीच राहिली.

एसव्हीआय १२६ चा गाळ क्लॅरिफायरच्या तळाशी दाबून दाबून किती घट्ट होईल? दहा लाखाला १२६ नी भागा: साधारण ७९०० मिग्रॅ/लिटर. व्यवहारात याच्या आसपास किंवा थोडं कमी. तुमचा रिटर्न पंप ताशी ३० चा आणि तासातली १५ मिनिटं, म्हणजे सरासरी ताशी ७.५ घनमीटर. एका घनमीटरमागे ७.९ किलो धरले तर ताशी ५९ किलो गाळ परत जातो. क्लॅरिफायरमध्ये येतो किती? फीडचे ५० आणि रिटर्नचे ७.५ मिळून ५७.५ घनमीटर, प्रत्येकात ३.८ किलो. ताशी २१८ किलो.

२१८ किलो येतात आणि ५९ जातात. राहिलेले दीडशेच्या वर किलो दर तासाला क्लॅरिफायरमध्ये साठतात.

जसजसा गाळ तिकडे साठतो तसतसा एरेशन टँक रिकामा होतो, त्यामुळे येणं हळूहळू कमी होत जातं. ते धरून हिशेब केला तर आठ तासांत, म्हणजे सकाळी ८ ला सुरू करून दुपारी ४ ला, एरेशनमधला एमएलएसएस २३०० च्या आसपास उतरायला हवा. तुमच्या लॅबनी २४०० दिलाय. त्या मुलाला तुम्ही "सॅम्पल चुकलं" म्हणून पुन्हा करायला लावलं असं लिहिलंय. त्याचं बरोबर होतं. ते हरवलेले साडेआठशे-नऊशे किलो सध्या क्लॅरिफायरमध्ये आहेत. घनमीटरला ६ किलोच्या सरासरीनं त्यांना १४०-१५० घनमीटर जागा लागते, आणि तुमच्या क्लॅरिफायरचं आकारमान १५१ घनमीटर आहे. तीन वाजता गाळ वेअरला का लागतो याला आणखी पुरावा नको. रात्री फीड बंद असतो, रिटर्न चालू राहतो, गाळ बराचसा परत एरेशनमध्ये जातो आणि सकाळी साहेब राउंडला येतात तेव्हा पाणी स्वच्छ असतं.

पॉलीचं म्हणाल तर त्यानं गाळ लवकर खाली जाईल, पण खालून उचलून नेणारा पंप तोच आणि तेवढाच. तीनचे पाच वाजतील आणि महिन्याचं बिल वाढेल. तपासणीच्या दिवशी किंवा पंप बंद पडला तर एक-दोन दिवस पॉली वापरायला माझी हरकत नाही, पण रोजचा इलाज म्हणून मी ती कुणालाही सांगत नाही. कल्चरचं तर इथे कामच नाही, तुमच्याकडे जिवाणू कमी नसून जास्त आहेत.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच. ८ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर. दिवसाचे ६०० घनमीटर २४ तासांत सारखे सोडले तर पृष्ठभार दिवसाला चौरस मीटरमागे १२ घनमीटर येतो. तुम्ही १२ तासांत सोडता म्हणून त्या वेळात तो २४ होतो. शहरी सांडपाण्याच्या अशा क्लॅरिफायरला सरासरी १५ ते ३५ धरतात. टाकी पुरेशी मोठी आहे.

करायचं काय, तर पहिलं काम फीडचं. तुमची इक्वलायझेशन टाकी, जिथे कारखान्याचं सांडपाणी आधी साठून एकसारखं होतं, ४०० घनमीटरची आहे. दिवसा १२ तास ५० येणार आणि २४ तास २५ नी सोडायचं म्हटलं तर साठवायला ३०० लागतात. म्हणजे बसतं, फक्त सकाळी टाकी जवळपास रिकामी मिळायला हवी. रात्री एकच माणूस असतो म्हणून फीड बंद ठेवतो, हे कारण मला समजतं, पण फीड पंपाला रात्री माणूस लागत नाही, फ्लोट स्विच लागतो. व्हीएफडी (पंपाचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर बायपास लाइनमधून काही पाणी परत इक्वलायझेशनला वळवून २५ वर आणा. सक्शन व्हॉल्व्ह आवळून मात्र प्रवाह कमी करू नका, पंप खराब होईल.

डाइंगवाल्यांसाठी संथ फीडचा आणखी एक फायदा आहे. पेरॉक्साइड ब्लीचिंगचा बाथ, कॉस्टिकचं पाणी आणि मिठाचा नाहीतर ग्लॉबर सॉल्टचा डाइंग बाथ वेगवेगळ्या वेळी सुटतात. ते टाकीत मिसळून सारखे होऊन गेले तर जिवाणूंना झटका बसत नाही. उरलेलं पेरॉक्साइड आणि एकदम वाढलेलं मीठ यांनी गाळाचे कण फुटतात आणि वरचं पाणी दुधट, गढूळ येतं. तो प्रकार तुमच्या तक्रारीपेक्षा वेगळा आहे, पण कधी झाला तर रिटर्न वाढवून उपयोग नाही, डाइंग मास्टरशी बोलावं लागतं. तापमानाचंही तेच. इक्वलायझेशनमधून ४० अंशांच्या वर पाणी एरेशनला जाऊ देऊ नका. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो: ३० अंशांना कमाल साडेसात मिग्रॅच्या आसपास, ४० ला साडेसहाच्याही खाली. शिवाय तेवढ्या उष्णतेत गाळाचे कण सुटे व्हायला लागतात.

दुसरं काम रिटर्नचं. किती हवा ते असं काढा: एमएलएसएसला, रिटर्नच्या घट्टपणातून एमएलएसएस वजा करून भागा. ३८०० भागिले (७९०० वजा ३८००), म्हणजे ०.९३. फीडच्या ९३ टक्के रिटर्न हवा. फीड २५ वर आणल्यावर ताशी २३ घनमीटर. तुमच्या पंपावर हे तासाला ४६ मिनिटं झाली. आज तुम्ही १५ देताय.

ही मिनिटं तासाभरात विखरून द्या. ४५ मिनिटं थांबून सलग १५ मिनिटं पंप चालवला की पहिली दोन मिनिटं काळा घट्ट गाळ येतो, मग गाळात भगदाड पडतं आणि वरचं पाणी सरळ सक्शनमध्ये उतरतं. रिटर्नच्या तोंडाशी उभं राहून बघा, तुमच्याकडे हे होत असणारच. त्यामुळे वर मी धरलेले ताशी ५९ किलोही प्रत्यक्षात कमीच असतील. ताशी १५ ते २५ मधला लहान पंप मिळाला तर तो अखंड चालवणं सर्वांत चांगलं.

आणि पंपाच्या प्लेटवर ३० लिहिलंय म्हणून ३० धरू नका. टॉवेलच्या धंद्यात लिंट (कापडाचा सुटा रुवा) हा ईटीपीचा खरा शत्रू आहे. टेरीचा रुवा बार स्क्रीनमधून (गजांच्या जाळीतून) सुटतो, स्लज लाइनमध्ये दोरखंडासारखा वळतो आणि इम्पेलरला (पंपाच्या फिरत्या पात्यांना) गुंडाळून बसतो. पंप आवाज तोच करतो, अँपिअर थोडे बदलतात, पाणी निम्मं येतं. रिटर्नच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि किती सेकंदांत भरतो ते मोजा. ताशी ३० चा पंप तो २४ सेकंदांत भरायला हवा. ४० लागले तर आधी इम्पेलर उघडा, टायमरला नंतर हात लावा. स्क्रीनच्या मागे बारीक जाळीचा लिंट कॅचर बसवला आणि तो दर शिफ्टला झाडला तर हे निम्म्यानं कमी होतं. क्लॅरिफायर रिकामा करायची वेळ आलीच तर तळाचा गाळ ओढणाऱ्या स्क्रॅपरचे रबरही बघून घ्या. झिजलेल्या रबरामागे तळाशी गाळाचा थर तसाच राहतो, सडतो आणि फुगे सोडतो.

रिटर्न खूप वाढवणंही बरं नाही. गाळ ताकासारखा पातळ यायला लागला आणि क्लॅरिफायरच्या तळाशी थरच उरला नाही, तर तुम्ही नुसतं पाणी फिरवताय आणि फीड वेलमधला (पाणी आत येतं त्या मधल्या नळकांड्यातला) जोर वाढवताय. यासाठी थर मोजायची सवय लागते. दीड इंची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पाइप साडेतीन मीटर लांबीचा घ्या, खाली बॉल व्हॉल्व्ह बसवा, पुलावरून भिंत आणि मध्य यांच्या मधोमध हळू सोडा, तळाला लागला की वर घ्या आणि गाळाची उंची वाचा. सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. साठ सेंटिमीटर ते एक मीटरच्या आत राहिला पाहिजे. हे चार आकडे एसव्ही३० पेक्षा जास्त बोलतात, कारण गाळ वेअरला लागायच्या तीन-चार तास आधीच ते चढायला लागतात.

आता दोन तास ठेवलेल्या सिलिंडरबद्दल. गाळ छान बसला आणि तासाभरात त्याचा गठ्ठा सुटून वर आला तर ते डिनायट्रिफिकेशन. काडीनं हलवा: बारीक फुगे सुटले आणि गाळ परत खाली गेला की खात्री. नायट्रेटमधला ऑक्सिजन जिवाणू वापरतात, नायट्रोजनचे फुगे गाळाला उचलतात. उन्हाळ्यात हे झपाट्यानं होतं आणि क्लॅरिफायरमध्ये गाळ तासन्‌तास पडून राहिला तर होणारच. तुमच्याकडे अधूनमधून गठ्ठे तरंगतात असं लिहिलंय, त्याचं मूळ मला जिवाणूंना नायट्रोजन मिळावा म्हणून तुम्ही ओतता त्या युरियाच्या गोणीत दिसतं. हिशेब करा. बीओडी (जिवाणू खाऊ शकतात त्या घाणीचं माप) ३०० मिग्रॅ/लिटर आणि ६०० घनमीटर म्हणजे रोज १८० किलो बीओडी. शंभराला पाच नायट्रोजन आणि एक फॉस्फरस या प्रमाणात ९ किलो नायट्रोजन आणि १.८ किलो फॉस्फरस. ९ किलो डीएपीमध्ये तेवढा फॉस्फरस येतो आणि दीड किलोवर नायट्रोजनही. उरलेल्या नायट्रोजनला १६ किलो युरिया पुरतो. तुम्ही रोज ५० किलोची गोणी ओतताय. तिप्पट. आउटलेटला अमोनिया आणि नायट्रेट तपासून युरिया उतरवत न्या. एकदम बंद करू नका. कापसाच्या कापडाच्या पाण्यात नायट्रोजन मुळात कमी असतो आणि स्टार्चचं डीसाइझिंग (सुतावरची खळ काढणं) चालू असेल तर नायट्रोजनशिवाय त्या खळीतली साखर पोसते ती तंतू आणि बुळबुळीत चिकट गाळ. मग खरंच बल्किंग होतं. आणखी एक: शेतीचा नीमलेपित युरिया कारखान्यात वापरणं बेकायदेशीर आहे, टेक्निकल ग्रेडच घ्या आणि बिल ठेवा.

गुळाबद्दलही कुणीतरी विचारलं होतं. गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत) कामगार सुट्टीवर जातात, चार-पाच दिवस डाइंग बंद, म्हणून एरेशनमध्ये गूळ आणि शेण टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. गरज नसते. तुमच्याएवढा जुना गाळ पाच दिवस उपाशी राहू शकतो. ब्लोअर तासभर चालू, तासभर बंद ठेवा, रिटर्न चालू ठेवा, आणि सुरू करताना पहिल्या दिवशी फीड निम्मा. लाइट गेल्यानंतरही असंच: ब्लोअर आधी अर्धा तास चालवून खाली बसलेला गाळ पाण्यात नीट मिसळू द्या, मग फीड सुरू करा. लाइट आल्याबरोबर सगळे स्टार्टर एकदम दाबले की तो घट्ट गाळ एका लोंढ्यात क्लॅरिफायरला जातो.

आउटलेटचा सीओडी (पाण्यातल्या सगळ्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढला म्हणून घाबरून ब्लोअर वाढवलेत, ते परत खाली आणा. विरघळलेला ऑक्सिजन टँकच्या शेवटी २ मिग्रॅ असला की पुरे. वेअरवरून जाणारा गाळ हाच सीओडी आहे. एक ग्रॅम सेंद्रिय गाळ म्हणजे जवळजवळ १.४ ग्रॅम सीओडी. आउटलेटला २०० मिग्रॅ गाळ असेल आणि त्यातला ७० टक्के सेंद्रिय असेल तर नुसत्या गाळाचाच सीओडी २०० च्या आसपास होतो. तेच सॅम्पल गाळून परत तपासा, म्हणजे विरघळलेला किती ते कळेल. तो ठीक असेल तर तुमची बायोलॉजी ठीक आहे.

वेअरचं एक छोटं काम राहिलं. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरा आणि व्ही-नॉचचे (वेअरच्या दातेरी पट्टीचे) बोल्ट सैल करून वेअर सगळीकडे सारखा करा, शेवाळ खरवडून काढा. एका बाजूनं जास्त पाणी पडत असेल तर गाळही त्याच बाजूनं आधी जातो.

शेवटचं आणि सर्वांत अवघड काम एमएलएसएस कमी करण्याचं. १८० किलो बीओडीला ३८०० लागत नाही, सोलापूरच्या उष्णतेत २८०० भरपूर आहे. २८०० वर रिटर्न ५५ टक्के पुरतो, म्हणजे ताशी १४ घनमीटर, आणि क्लॅरिफायरवर येणारा गाळ आजच्या निम्मा होतो. तुमच्याकडे रोज अंदाजे ८० किलो नवा गाळ तयार होतो, तेवढा तर काढायलाच हवा. त्यावर ६० किलो जास्तीचा काढला तर साठलेला ६०० किलो दहा दिवसांत उतरेल. ७९०० च्या घट्टपणाला ते दिवसाला १८ घनमीटर होतात. याहून घाई करू नका, आणि दर दोन दिवसांनी एमएलएसएस बघून रिटर्नची मिनिटं कमी करत चला. एमएलएसएस मात्र रोज एकाच वेळी, सकाळी ८ वाजता घ्या, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही.

३८०० पर्यंत गाळ चढला तो गाळातलं पाणी दाबून काढणारा फिल्टर प्रेस दोन महिने बंद होता म्हणून, हे तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय. मालकांना मी ती ओळ पहिली दाखवली असती. १४० किलो कोरडा गाळ म्हणजे २० टक्के कोरडा भाग असलेल्या केकमध्ये (दाबलेल्या गाळात) रोज ७०० किलो, आणि टेक्स्टाइल ईटीपीचा तो केक घातक कचऱ्याच्या नियमाखाली येतो, तो शेताच्या बांधावर टाकता येत नाही. प्रेसची कापडं बदलून घ्या, ड्राइंग बेडची वाळू मोकळी करून घ्या, उन्हाळा आहे तोवर बेडवर गाळ लवकर वाळतो. केक ठेवायला छप्पर आणि न्यायला अधिकृत गाडी ठरली की त्याच दिवशी वेस्टिंगचा (जास्तीचा गाळ काढायचा) व्हॉल्व्ह उघडा.